मोटारीत एअरबॅग आली, जबाबदारी कोणाकडे गेली?

नवी मोटार घेताना आज गिऱ्हाइकाला काही वस्तू वेगळ्या मागाव्या लागत नाहीत. त्या कायद्यानेच गाडीत बसवून येतात. चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक, पुढच्या दोन्ही आसनांसमोर एअरबॅग, पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटी आणि वेग वाढला की होणारा इशारा, हे सर्व गाडीच्या किमतीत धरलेले असते. म्हणजे हुकूम सरकारचा आणि पैसा आपला. सबब बाजारात दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. एक म्हणतो, "चालवणारा शहाणा असेल तर ही सामग्री कशाला? उगाच गाडी महाग केली." दुसरा म्हणतो, "आता गाडीच सगळे सांभाळते, आपण निर्धास्त बसावे." आमच्या मते दोघांचाही हिसाब अर्धवट आहे. तो कसा, हे या लेखात पाहू.

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनाबद्दल बोलणे आमचे काम नव्हे. परंतु मोटारीत जीव वाचवणाऱ्या दोन मुख्य वस्तू, म्हणजे पट्टा आणि एअरबॅग, या मुळात कापडाच्याच आहेत. शिवाय सीट कव्हर शिवणारे कारागीर, कार डेकोरचे दुकानदार आणि टेम्पो-ट्रकने माल पाठवणारे व्यापारी हे या पानाचे वाचक आहेत. त्यांचा या विषयाशी रोजचा संबंध येतो.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, पट्ट्याची घंटी, वेगाचा इशारा आणि मागे गाडी घेताना सावध करणारे सेन्सर आवश्यक झाले. वेगाचा इशारा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या पुढे सतत वाजत राहतो. चालकाशेजारच्या आसनाची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना लागू झाली आणि त्याच वर्षाअखेरपासून चालू मॉडेलांनाही लागू झाली.

सहा एअरबॅगचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने गेला. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने त्यासंबंधी मसुदा काढला. मुदत आधी ऑक्टोबर २०२२ ची होती, ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचे सांगितले. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप ही मोटारींना तारांकन देणारी योजना जाहीर झाली होती. गिऱ्हाइकाने तारे पाहावेत आणि कंपन्यांनी चढाओढीने सुरक्षा वाढवावी, असा त्यामागे विचार आहे. म्हणजे काही गोष्टी हुकुमाने आणि काही बाजाराच्या मागणीने, असा मधला मार्ग सरकारनेही धरलेला दिसतो.

पट्टा आणि एअरबॅग: कापडाची करामत

पट्ट्याची पट्टी पॉलिएस्टर धाग्याची, सुमारे दोन इंच रुंद, निवारीसारखी घट्ट विणलेली असते. दीड टनाची ओढ बसली तरी ती तुटू नये, अशी तिची परीक्षा होते. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील इंजिनियर निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरण्यास खुले ठेवले, म्हणून तो जगभर पसरला.

एअरबॅगचे कापड बहुधा नायलॉन ६,६ या धाग्याचे असते. ताणा-बाणा इतका घट्ट की हवा सहज निसटू नये. अनेकदा त्यावर सिलिकॉनचा लेपही असतो. टक्कर झाली की सेन्सर इशारा देतो, रासायनिक गोळ्यांपासून वायू तयार होतो आणि पापणी लवण्याच्या आत पिशवी फुगते. इतक्या जोराने फुगणारी पिशवी माणूस योग्य जागी बसलेला असेल तरच गादीचे काम करते. पट्टा न लावलेला माणूस टकरीत पुढे फेकला जातो आणि पिशवी फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. तेव्हा तीच पिशवी ठोशासारखी लागते. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात एअरबॅगच्या धक्क्यानेच २९० हून अधिक माणसे दगावली. त्यांत पट्टा न लावलेली आणि पिशवीच्या फार जवळ असलेली माणसे व लहान मुले पुष्कळ होती. म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांत किमान दहा इंच अंतर असावे, आणि मूल पुढच्या आसनावर मांडीत घेऊन कधीही बसू नये.

यावरून हे ध्यानात येईल की एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, त्याच्याऐवजी आलेली वस्तू नव्हे. पिशवी सरकारने बसवली, पण पट्टा लावणारा हात आपलाच राहिला.

सक्ती किती चालते?

अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलांत असा प्रयोग झाला की पुढे बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. लोक चिडले. शेजारच्या आसनावर बाजाराची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने ती सक्ती रद्द केली. यंत्राने माणसाला कोंडीत पकडले की माणूस यंत्रावरच उलटतो, हा त्यातला धडा. पण पुढची हकीकतही पाहिली पाहिजे. १९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने पट्टा न लावणाऱ्यास दंडाचा कायदा केला आणि मग इतर राज्येही त्या मार्गाने गेली. हळूहळू सवय पडली. पट्ट्यांमुळे २०१७ या एका वर्षात १४,९५५ जीव वाचले, असा अमेरिकी सरकारी खात्याचा अंदाज आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्झमन यांनी १९७५ मध्ये असे मांडले की गाडी सुरक्षित झाली की चालक अधिक बेफिकीर होतो, आणि त्याचा भुर्दंड पायी चालणाऱ्यांना पडतो. त्यांचा हिसाब पुढच्या अनेक अभ्यासकांना मान्य झाला नाही. पट्ट्याने जीव वाचतात, हे नंतर स्पष्ट झाले. तरी त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली. एबीएस असलेल्या टॅक्सींचे अपघात एकूणात कमी झाले नव्हते, कारण त्यांचे चालक ब्रेकच्या भरवशावर गाडी अधिक जोरात हाकत होते. ब्रेकची कमाई वेगात खर्च झाली.

आपल्या रस्त्यांवर हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के आणि पायी चालणारे सुमारे १९ टक्के होते. मोटारीतली एअरबॅग यांच्यासाठी फुगत नाही. त्यांची सुरक्षा चालकाच्या पायाखालच्या ब्रेकवर आणि त्याच्या अकलेवर आहे. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत.

मागच्या आसनावरचा प्रश्न

पट्टा न लावल्याने २०२२ मध्ये १६,७१५ जण मरण पावले, असे तोच अहवाल सांगतो. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज घरोघर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेले दोघे दगावले, पुढे बसलेले दोघे जखमी होऊन बचावले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या आसनावरही पट्टा लावावा, हा नियम तेव्हाही पुस्तकात होता.

येथे कायद्याचे एक कलम व्यापाऱ्यांनी माहीत करून घ्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. पट्टा न लावता गाडी चालवणाऱ्याला त्यात एक हजार रुपये दंड आहे. प्रवाशांना पट्ट्याशिवाय नेणाऱ्यालाही तोच दंड आहे. म्हणजे प्रवाशाच्या बेफिकिरीचा जाब कायदा चालकाला विचारतो. यंत्रे वाढली म्हणून कायद्याने माणसाची जबाबदारी कमी केलेली नाही.

दुकानातली क्लिप

आता आपल्या बाजाराकडे येऊ. पट्ट्याची घंटी बंद करण्यासाठी एक छोटी धातूची क्लिप विकली जात होती. ती बकलात अडकवली की गाडीला वाटते पट्टा लागला, आणि माणूस मोकळा बसतो. किंमत मामुली, खप भरपूर. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती तेथून हटवल्या गेल्या. सरकारने घंटी बसवली आणि बाजाराने ती मुकी करण्याचा माल आणला. "गिऱ्हाईक मागते, आम्ही देतो" हे उत्तर येथे पुरेसे नाही. वजनात खोट नाही आणि भावात फसवणूक नाही, तरी ज्या वस्तूचा एकमेव उपयोग माणसाचे संरक्षण काढून घेणे आहे, तिचा नफा कोणत्या तोंडाने घ्यावा? ज्यांच्या दुकानात असा माल अजून पडून असेल, त्यांनी थोडे नुकसान सोसून तो बाजूला काढावा.

सीट कव्हरचा मामला नाजूक आहे. तेथे कारागिराची नियत चांगली असते, पण माहिती कमी पडते. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग आसनाच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत असते आणि शिवण फाडून बाहेर येते. त्या कडेवर 'एअरबॅग' अशी छोटी चिठ्ठी असते. तेथे जाड रेक्झिन दुहेरी दोऱ्याने शिवले तर पिशवी अडकते किंवा भलत्या दिशेला वळते. म्हणून माप घेण्याआधी कारागिराने ती चिठ्ठी शोधावी, ती बाजू मोकळी ठेवावी, आणि शंका असेल तेथे कव्हर चढवू नये. गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावे. समजूतदार गिऱ्हाईक उलट दुकानाचे नाव चार ठिकाणी घेईल. पुढच्या लोखंडी बुल गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले आहे, कारण टकरीचा धक्का त्याने बदलतो आणि पायी माणसाला मार जबर बसतो. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर अत्तराची बाटली किंवा शोभेची वस्तू चिकटवणेही टाळावे. पिशवी फुगली की ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते.

माल पाठवणाऱ्याची बाजू

शेवटी आम्हा व्यापाऱ्यांबद्दल. मालवाहतुकीच्या बहुतेक नव्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१५ पासून ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारे यंत्र आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांत चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, कारण उन्हाने शिणलेला माणूस लवकर चुकतो. परंतु ईदच्या किंवा दिवाळीच्या हंगामात इचलकरंजीहून वा मालेगावहून निघालेली गाठ सकाळी आठच्या आत मुंबईच्या दुकानात पाहिजे, असा हट्ट आपण धरतो. त्या हट्टाला कोणतेही यंत्र अडवू शकत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम ठरवून दिले होते. जादा मालासाठी केंद्राच्या कायद्यात वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. हे आकडे ठाऊक असूनही भाड्यात शे-दोनशे वाचवण्यासाठी दहा गाठी जादा चढवल्या, तर पुढे जे होईल त्यात आपला वाटा आहे.

तात्पर्य, सरकारने यंत्र बसवले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, आणि आपण जबाबदार आहोत म्हणून यंत्र फुकट ठरत नाही. हुशारातला हुशार चालकही समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्याला रोखू शकत नाही. त्या वेळी कापडाची पिशवी कामास येते. ती कामास यावी एवढ्यासाठी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने पट्टा लावावा, कारागिराने पिशवीची वाट मोकळी ठेवावी, दुकानदाराने क्लिप विकू नये आणि माल पाठवणाऱ्याने चालकाला झोपेपुरता वेळ द्यावा. यातल्या तीन गोष्टींना पैसाही पडत नाही. चौथीला फार तर एका दिवसाचा उशीर होईल.