काटा एक, गाड्या अनेक

हिंगोलीत विमानतळ नाही, मग हा विषय इथे कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण हळदीच्या हंगामात मोंढ्यातल्या वजनकाट्यापुढे रांगेत थांबलेल्या माणसाला तो लगेच कळेल. गाडीत दहा पोती असोत की दोनशे, काट्यावर नंबर एकच लागतो.

मुंबई विमानतळाचं तसंच आहे. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरायची. शिवाय मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, त्यामुळे मागून येणाऱ्या लहान विमानाला जास्त अंतर ठेवावं लागतं. तरीही 11 नोव्हेंबर 2023 रोजी तिथे 24 तासांत 1032 विमानांची ये-जा झाली.

पण वेळापत्रक काठोकाठ भरलं की एका विमानाचा उशीर मागच्या सगळ्यांना भोवतो. विमानं 40 ते 60 मिनिटं आकाशात घिरट्या घालायची. सरकारी हिशेबानुसार 40 मिनिटांत सुमारे 1.7 किलोलिटर इंधन वाया जातं. म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रानं तासाची मर्यादा गर्दीच्या वेळी 46 वरून 44 आणि एरवी 44 वरून 42 केली.

आता हे 44 नंबर कोणाचे? या नंबरालाच स्लॉट म्हणतात. जगभर चालणारा नियम असा, की कंपनीनं हंगामात 80 टक्के स्लॉट वापरले तर पुढच्या वर्षी त्या हंगामात ते तिच्याकडेच राहतात. नव्याला उरलंसुरलं. आणि 70 आसनांचं विमान असो की 300 आसनांचं, स्लॉट एकच जातो. मग कंपनी तो कुठल्या मार्गाला देईल, तुम्हीच सांगा.

आपल्याला जवळचा विमानतळ नांदेडचा. 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. अनुदानानं तिकीट स्वस्त होतं, हे खरं. पण मुंबईत उतरायला नंबरच नसेल तर स्वस्त तिकीट काय कामाचं?

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली. म्हणजे दुसरा काटा आला. त्याचे नंबर वाटले जात असतानाच लहान शहरांसाठी सोयीच्या वेळा राखून मागायला हव्यात. सकाळी जाऊन दवाखान्याचं काम उरकून रात्री घरी परतता आलं, तरच त्या विमानाचा आपल्याला उपयोग. एकदा नंबर दुसऱ्याच्या नावावर बसला, की तो सुटणं अवघड.