हाडे चालत नाहीत, म्हणून यंत्रमानव चालला!

दिल्लीच्या द्वारका उपनगरातील एक मराठी घर. भिंतीवरून पाल सरसर गेली. दहावीतली नात म्हणाली, "आजी, कोट्यवधी वर्षांपूर्वी हिचे पूर्वजही असेच चालत असतील का गं?"

आजी हसल्या, "ते पाहायला कोण गेलं होतं?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. जीवाश्मावरून प्राण्याचा आकार कळतो, पण हाडे काही चालून दाखवत नाहीत. मग चाल ओळखायची कशी?

जर्मनीत ब्रोमॅकर येथील खाणीत 'ओरोबेटिस' या सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या चतुष्पादाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि आपण सस्तन, या सर्वांच्या पूर्वजांचा हा जवळचा नातलग. विशेष म्हणजे त्याच्या पावलांचे ठसेही दगडात टिकून होते.

जॉन न्याकाटुरा, ऑके आइस्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आजचे चार प्राणी एक्स-रेखाली चालवून पाहिले: सॅलमँडर, सापसुरळी, इग्वाना आणि मगरीच्या कुळातील केमन. मग संगणकावर ओरोबेटिसला शेकडो प्रकारे चालवले. सांधे निखळतात का? तोल जातो का? शक्ती किती खर्च होते? पावले ठशांवर पडतात का? शेवटी त्याच मापांचे गुणोत्तर राखून 'ओरोबॉट' हा यंत्रमानव बनवला आणि जमिनीवर चालवला.

निष्कर्ष २०१९ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा प्राणी पोट घासत नव्हे, तर अंग बऱ्यापैकी उचलून, कमी श्रमात चालत असावा. म्हणजे जमिनीवर सफाईने चालण्याची कला समजत होतो त्यापेक्षा आधीच विकसित झाली होती.

'असावा' हा शब्द महत्त्वाचा. यंत्रमानव भूतकाळ दाखवत नाही. अशक्य चाली बाद करून संभवनीय तेवढ्या उरवतो. उद्या नवा पुरावा मिळाला, तर निष्कर्षही बदलेल. ऐकीव गोष्ट आणि विज्ञान यांत फरक आहे तो हाच.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. पुस्तकातला धडा गेला, तरी मुलांच्या मनातले प्रश्न जात नाहीत. ती जबाबदारी आता घराचीही आहे.

तेव्हा मुलांनी असे काही विचारले, तर "गप्प बस" म्हणू नका. "पाहायला कोण गेलं होतं?" असे जरूर विचारा. मात्र तिथेच न थांबता, "मग शोधायचं कसं?" हेही विचारा.