चिंचणीतील घर, वाडी आणि दोन दप्तरे

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील चिंचणी या किनारी गावात घर आणि त्यामागची वाडी विकत घेणाऱ्याची एकाच व्यवहारात दोन वेगळ्या दप्तरांशी गाठ पडते. कारण घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत असते, वाडीची नोंद महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर असते, आणि ही दोन दप्तरे परस्परांशी जुळतीलच असे नाही. नमुना ८ वरून घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच कळते, त्याने मालकी सिद्ध होत नाही. तरीही अनेक व्यवहारांत घरपट्टीच्या पावतीवरच इसार दिला-घेतला जातो, आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्तीची पुंजी घरात गुंतवणारा माणूस त्या पावतीलाच मालकीचा कागद समजतो.

या विसंगतीचे मूळ जुन्या भूमापनात आहे. ब्रिटिश अमदानीतील मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी झाली आणि गावठाणावर, म्हणजे गावच्या वस्तीसाठी राखलेल्या जागेवर, सारा नसल्याने तिथली घरे बहुधा मोजलीच गेली नाहीत. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना सनद आणि मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले, त्यामुळे गावठाणातील घर घेताना मिळकत पत्रिका तयार झाली आहे का, हे प्रथम विचारावे लागते. मात्र ओटी आणि माजघर गावठाणात व मागची नारळाची वाडी वेगळ्या गटात, अशी स्थिती असली, तर एका घरासाठी दोन्ही प्रकारचे उतारे काढणे भाग पडते.

सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा एकत्र उतारा आहे: नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकांचा. जाणकार वकील त्यावरील नावापेक्षा ‘इतर हक्क’ या रकान्याकडे आधी पाहतो, कारण सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा किंवा हस्तांतरणावरील बंदी तिथेच नोंदलेली असते. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. नावापुढील ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर दर्शवतात, म्हणजे ते नाव एका माणसाचे असले तरी हक्क साऱ्या घराचा असतो, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अज्ञान मुलाचा पालक, आणि ते मूल आज प्रौढ होऊन मुंबईत राहत असण्याचीही शक्यता असते. नावाला कंस झाला असेल, म्हणजे ते नाव कमी झाले असेल, तर तो कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, झाला हे पाहण्यासाठी जुने फेरफार उतारे काढावे लागतात. याच टप्प्यावर विकणाऱ्याच्या बहिणींची नावे निघतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला, त्यामुळे प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसलेले खरेदीखत पुढे दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. आणि सही मागणे ही निव्वळ खबरदारी नाही, त्या सहीमुळे बहिणीचा हक्क मान्य होतो, हे इथे ठामपणे म्हटले पाहिजे.

डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने आणखी एक प्रश्न अटळ ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला पूर्वपरवानगीविना घेता येत नाही, आणि ही बंदी चुकवण्यासाठी सुचवले जाणारे साध्या मुद्रांकावरील करार किंवा कुलमुखत्यारपत्रे ग्राहकाने सरळ नाकारावीत. शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ सांगते. म्हणून वाडी अकृषिक झालेली आहे की नाही, यावर सारा व्यवहार अवलंबून असतो. शिवाय २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि समुद्र व खाडीलगत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, त्यामुळे जुने घर पाडून मोठे बांधण्याचा बेत असलेल्याने नकाशा आधी तपासावा. या बंधनांना विकासातील अडथळे म्हणण्याची प्रथा पडली आहे. याच तालुक्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाल्यानंतर जमिनीकडे वळलेल्या नजरा पाहता मात्र इथल्या वाड्या आणि आदिवासींच्या जमिनी टिकण्यात या बंधनांचा वाटा मोठा आहे.

जमिनीचा व्यवहार लेखी करण्याची या भूमीची परंपरा जुनीच आहे: चिंचणीत सापडलेल्या, इ.स. ९२६ मधील राष्ट्रकूट ताम्रपटात संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याने एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे.

कागद जुळले की मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केल्यावर लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात आणि ठरल्या दिवशी भूकरमापक येऊन खुणा दाखवतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा, अर्थात १,०८९ चौरस फूट. त्यामुळे कुंपण तीन फूट आत-बाहेर असले, तरी गुंठ्याच्या एका बाजूला जवळजवळ शंभर चौरस फुटांचा फरक पडतो. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत खरेदीखतातील चतुःसीमेशी, म्हणजे चारही दिशांच्या शेजाऱ्यांच्या वर्णनाशी, ताडून पाहावी लागते, आणि वाडीत जाण्याची वाट दुसऱ्याच्या जागेतून असेल, तर तिचा उल्लेख खतातच करून घ्यावा लागतो.

साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असून त्याने मालकी बदलत नाही. ती दुय्यम निबंधकापुढे नोंदलेल्या खरेदीखतानेच बदलते. त्यानंतर तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, फेरफाराची नोंद धरून हितसंबंधितांना नोटीस देतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नमुना ८ मधील नाव मात्र या नोंदीने आपोआप बदलत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि वीजमीटरसाठी महावितरणकडे आणखी एक.