शनीच्या अंगठीत न टिकणारा निळा

बडनेरा जंक्शनवर रुळांखाली पसरलेली काळी गिट्टी म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांचाच हा कातळ. सुरुंग लावायचा, फोडायचा, रस्त्यावर टाकायचा, एवढीच आपल्याकडे त्याची किंमत. पण पुण्याजवळच्या वाघोलीत याच जातीच्या कातळातून असं निळं खनिज निघालं, की परदेशी संग्राहक त्यासाठी खिसा मोकळा करतात. त्याचं नाव कॅव्हन्साइट.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि कातळात पोकळ्या राहतात. पुढे त्यांत गरम पाणी झिरपतं, खडकातले क्षार विरघळवून आणतं आणि भिंतींवर स्फटिक जमतात. बहुतेक वेळा ते पांढरे, फिकट गुलाबी किंवा हिरवट असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट ही नेहमीची मंडळी. बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम हा धातू असतो, पण दहा लाख भागांत जेमतेम काहीशे. वाघोलीत तो कॅल्शियम, सिलिका आणि पाण्याशी नेमका जुळून आला. निळाई त्याचीच. नीलमाची निळाई निराळी, ती लोह आणि टायटॅनियमची.

हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात. पण तिथले नमुने बारीक. कॅव्हन्साइटचं नाव झालं ते वाघोलीच्या टपोऱ्या गुच्छांमुळे. तिथेच पेंटागोनाइटही मिळतं. घटक अगदी तेच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. त्याचे जुळे स्फटिक कधी पाच टोकांच्या चांदणीसारखे दिसतात.

शनीसाठी नीलमासारखा अंगठीत घालायला मात्र हा खडा कुचकामी. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर नीलम ९, हा ३ ते ४. चाकूनेही ओरखडा उठतो. त्यामुळे पैलू पाडण्यात अर्थ नाही. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला अखंड निळा गुच्छ, खालच्या कातळासकट, हीच त्याची खरी किंमत. एक टोक मोडलं की भाव घसरला. म्हणूनच सुरुंगाच्या धक्क्यातून नमुना शाबूत निघणं हे मला खनिज तयार होण्याइतकंच नवलाचं वाटतं.

विकत घेताना सावध असावं. ओकेनाइट या दुसऱ्या खनिजाचे कापसासारखे पांढरे गोळे रंगात बुडवूनही विकले जातात. निळा रंग तंतूंच्या मुळाशी किंवा भोवतीच्या खडकात ओघळलेला दिसला, तर तो भूगर्भातला नव्हे, डब्यातला समजावा.