दुसऱ्या सिझेरियननंतरचे शरीर

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कागद जपण्याचे वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. मुदत ठेवीच्या पावत्या, विमा पॉलिसी, घराचा करारनामा, जन्मदाखले हे सारे आमच्या घरी एका निळ्या फाईलमध्ये क्रमाने लावलेले असते. बदली होऊन आम्ही नाशिकहून चंडीगडला आलो आणि पुढे दुसऱ्या बाळंतपणासाठी मी येथील एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे नाव नोंदवले, तेव्हा त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "पहिल्या सिझेरियनचे डिस्चार्ज कार्ड आणले आहे का?" निळ्या फाईलमध्ये सर्व काही होते, ते कार्ड तेवढे नव्हते. वैद्यकीय खर्चाच्या दाव्याबरोबर मूळ कार्ड जोडून दिले होते आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवण्याचे मला सुचले नव्हते. ग्राहकांना रोज "एक प्रत आपल्याजवळ ठेवा" असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याची ही गत!

डॉक्टर रागावल्या नाहीत, मात्र त्या कार्डावर त्यांना काय वाचायचे होते हे त्यांनी समजावून सांगितले. मी वाणिज्य शाखेची, वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच. तरी त्या निमित्ताने जे विचारले, वाचले आणि स्वतः अनुभवले, ते आपल्या वाचक भगिनींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

पोटाच्या त्वचेवर दिसणारा व्रण आणि आत गर्भाशयावर असलेला व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा छेद आडवा असला म्हणजे आतलाही आडवाच असेल, असे खात्रीने सांगता येत नाही. पूर्वी गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेत असत. हा भाग पुढच्या गरोदरपणात ताणला जातो, कळांच्या वेळी जोराने आकुंचन पावतो आणि तेथील जुना व्रण उसवण्याचा धोका अधिक असतो. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, अशा आशयाचे विधान केले, ते या उभ्या छेदाच्या काळात. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच घेतला जातो. असा एकच आडवा छेद असेल आणि इतर अडचण नसेल तर पुढचे बाळंतपण नैसर्गिकरीत्या होऊ देण्याचा प्रयत्न करता येतो. त्यात व्रण उसवण्याचा धोका साधारणपणे दोनशेत एक ते शंभरात एक यांच्या दरम्यान असतो. म्हणूनच छेद कोणता होता, रक्तस्राव किती झाला, वार सुटताना त्रास झाला का, टाक्यांना जंतुसंसर्ग झाला होता का, हे लिहिलेला तो कागद मोलाचा ठरतो. माझ्या बाबतीत अन्य कारणांनीही दुसरे सिझेरियनच करावे लागले. नाशिकच्या रुग्णालयाने विनंतीवरून जुन्या नोंदीची प्रत पाठवली, ती शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी हाती आली.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील शंभर प्रसूतींपैकी साडेआठ सिझेरियनने होत होत्या, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ वर गेले. खासगी रुग्णालयांत तर ते ४७.४ टक्के होते. पहिल्या सिझेरियनांची संख्या वाढली की काही वर्षांनी दुसऱ्यांची वाढणार, हे सांगायला संख्याशास्त्र नको.

"सवय असेलच की!"

दुसऱ्या वेळी सर्वांत अधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "तुला काय नवीन आहे, सवय असेलच की!" मनाला थोडी सवय असते हे खरे. शरीराला मात्र नसते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतील पडदे, गर्भाशय, मूत्राशय आणि कधीकधी आतडे यांच्यामध्ये चिकट धागे तयार होतात. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर ते वाढण्याची शक्यता असते. दुसऱ्या वेळी शल्यविशारदाला हे चिकटलेले भाग सोडवत जावे लागते, मूत्राशय विशेष जपावे लागते आणि वेळही अधिक लागू शकतो. नवा छेद बहुधा जुन्याच व्रणावरून घेतात. जुना व्रण हा मूळ त्वचेइतका बळकट नसतो. जखम भरताना तीन आठवड्यांनी त्वचेची ताकद मूळच्या सुमारे एक पंचमांश आणि तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के होते. त्यापुढे ती पूर्णपणे परत येत नाही. टाके वरून सुकलेले दिसतात तेव्हा आतले काम अर्ध्यावरही आलेले नसते.

गर्भाशयाचे काम त्या मानाने थक्क करणारे आहे. प्रसूतीनंतर लगेच सुमारे एक किलो वजनाचे आणि बेंबीपर्यंत पोहोचलेले गर्भाशय सहा आठवड्यांत जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमचे होऊन ओटीपोटात आपल्या जागी जाते. हे आकुंचन दुसऱ्या खेपेस अधिक जाणवते. बाळाला पाजायला घेतले की ओटीपोटात कळ येते, पहिल्या वेळी मला तशी आलेली आठवत नाही. काही तरी बिघडले अशा भीतीने मी परिचारिकेला बोलावले. तिने शांतपणे सांगितले की ही कळ म्हणजे गर्भाशय मिटत असल्याची खूण आहे. अंगावरून जाणे चार ते सहा आठवडे कमी कमी होत राहते. सिझेरियन झाले म्हणून ते टळत नाही.

माझे बाळंतपण ऐन जानेवारीत झाले. चंडीगडचा जानेवारी म्हणजे दिवसचे दिवस धुके आणि सूर्यदर्शन दुर्मीळ. रजईतून पाय बाहेर काढू नये असे वाटे, आणि नेमके तेच टाळायला डॉक्टरांनी बजावले होते. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. शस्त्रक्रिया आणि अंथरुणात पडून राहणे यांची त्यात भर पडली तर पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका असतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून, भूल उतरल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, आधार घेऊन चालणे हा उपचाराचाच भाग आहे. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. खोकला वा शिंक येताना पोटाशी उशी दाबून धरावी. ऐकायला किरकोळ वाटते, पण पहिल्या पंधरा दिवसांत या उशीइतकी सोबत मला कोणी केली नाही.

थोरल्याचे काय?

पहिल्या आणि दुसऱ्या सिझेरियनमधील सर्वांत मोठा फरक रुग्णालयात नसतो, तो घरी दाराशी उभा असतो. पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, असे सांगितले जाते. आमचा थोरला तेव्हा तीन वर्षांचा, वजन तेरा किलो. चार दिवसांनी आई दिसल्यावर त्याने हात वर केले. त्याला "नको" म्हणणे हे मला टाक्यांपेक्षा जड गेले. माझ्या आईने युक्ती काढली. मी पलंगावर भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर उशी घ्यायची आणि त्याने स्वतः चढून शेजारी यायचे. घरातील पुरुषांनी येथे खरोखर लक्ष द्यावे. बाळंतिणीला पाण्याचा पेला हातात देणे हे प्रेम आहेच, पण थोरल्याला आंघोळ घालणे, कडेवर घेऊन शाळेत सोडणे आणि धुण्याची बादली उचलणे ही तिच्या जखमेची थेट शुश्रूषा आहे. दुचाकी चालवण्याचेही तसेच. अचानक ब्रेक दाबताना पोटात दुखणार नाही इतकी उभारी आल्याखेरीज, म्हणजे बहुधा सहा आठवडे, स्कूटरला हात लावू नये.

आई नाशिकहून येताना डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन आली होती. शेजारच्या सरदारनी काकूंनी पंजिरीचा डबा आणला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तूप, डिंक आणि सुकामेवा यांच्या प्रमाणावर त्यांची चर्चा तासभर चालली. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे सहाशे उष्मांक अधिक लागतात, त्यामुळे एखादा लाडू वा वाटीभर पंजिरी योग्यच. दोन्ही प्रांतांचे लाड एकाच वेळी पुरवून घेतले तर मात्र हिशेब चुकतो. भाजी, डाळ, फळे आणि भरपूर पाणी हवे. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, ते टाळावे. त्याने बद्धकोष्ठता वाढते आणि टाक्यांवर ताण येतो. लोह व फॉलिक आम्लाची गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावी, असे शासकीय कार्यक्रमात सांगितलेले आहे. हिमोग्लोबिन तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. शेक-शेगडीच्या बाबतीत आईशी माझा थोडा वाद झाला. हातापायांना व पाठीला हलके मालिश चालते, पण पोटावर मालिश, जखमेवर धुरी किंवा शेक अजिबात नको. पोटपट्ट्याने चालताना आधार वाटतो आणि वेदना कमी होऊ शकतात. त्याने पोट "आत जाते" ही मात्र समजूतच, आणि फार आवळला तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर उलट भार येतो.

आरशासमोर

याविषयी स्त्रिया मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर. व्रणाच्या वर त्वचेची घडी लोंबल्यासारखी राहते. व्रण खाली आतल्या थरांना चिकटलेला असतो आणि वरचा सैल भाग त्यावर येतो, म्हणून असे दिसते. व्रणाभोवतीची त्वचा बधिर वाटते, कधी मुंग्या येतात. छेदाबरोबर बारीक मज्जातंतू तुटलेले असतात. ही बधिरता महिनोन्‌महिने राहू शकते, थोड्या जागी कायमचीही. पोटाच्या मध्यरेषेवरील स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात. उताणे झोपून गुडघे वाकवावेत, डोके किंचित उचलावे आणि बेंबीपाशी बोटे ठेवावीत. दोनहून अधिक बोटे आत बुडाली तर फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. अशा अवस्थेत पोट लवकर सपाट करण्याच्या हौसेने उठाबशासारखे पोटाचे व्यायाम सुरू करणे हानिकारक ठरू शकते. खोल श्वसन आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम यांपासून आरंभ करावा. सिझेरियन झाले म्हणजे हे तळाचे स्नायू शाबूत राहिले असे नाही, नऊ महिन्यांचा भार त्यांनीही वाहिलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतांशी वर्षभरात पुन्हा येतात. पाठदुखीचे खापर पाठीतल्या भुलेच्या सुईवर फोडण्याची प्रथा आहे. दीर्घकाळच्या पाठदुखीशी त्या सुईचा संबंध अभ्यासांत दिसून आलेला नाही. सैल झालेले पोटाचे स्नायू आणि वाकून पाजण्याची सवय ही कारणे अधिक खरी.

काही बदल मात्र अंगावर काढू नयेत. ताप, टाक्यांतून पू वा जखम उघडणे, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पायाच्या पोटरीला सूज व दुखणे, धाप, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, लघवी अडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे दुखणे आहे. पुढे कित्येक महिन्यांनी पाळीच्या वेळी व्रणात गाठ येऊन दुखणे, पाळी संपल्यावरही डाग पडत राहणे किंवा व्रणापाशी फुगवटा दिसणे, याचीही तपासणी करून घ्यावी.

तिसऱ्या अपत्याचा विचार असेल तर एक आकडेवारी पाहावी. अमेरिकेतील सुमारे तीस हजार सिझेरियनांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असलेल्या स्त्रियांत ती जुन्या व्रणात रुतून बसण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळले. वार खाली नसेल तर हे प्रमाण फारच थोडे असते. रुतलेली वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधी गर्भाशय काढावे लागते. म्हणून आधीच्या सिझेरियननंतर पुन्हा दिवस राहिले तर सोनोग्राफी लवकर करावी आणि पुढे वार कोठे आहे हे आवर्जून विचारावे. ती रुतल्याचा संशय असेल तर रक्तपेढी आणि अनेक शाखांचे तज्ज्ञ एकत्र असलेले मोठे रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे. चंडीगडमध्ये १९६२ साली स्थापन झालेल्या पीजीआयकडे पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून गुंतागुंतीचे रुग्ण येतात. आडवेळी धावपळ करून तेथे पोहोचणे आणि आधीपासून नाव नोंदवून तेथे जाणे यांत फार अंतर आहे. दोन बाळंतपणांत निदान दीड वर्षाचे, शक्य तर त्याहून अधिक अंतर असावे. तांबी बसवणे वा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच करता येते, पण हा निर्णय पतिपत्नींनी आधी शांतपणे घ्यावा, टेबलावर नव्हे.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या लसीची तारीख कोणीही चुकवत नाही. आईची तपासणीही त्याच सुमारास करायची असते आणि ती हमखास राहून जाते. मी दोन्ही एकाच दिवशी लावून घेतल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर आली, याचे मोल मला तेव्हा उमगले. बाराव्या आठवड्यात मी सुखना तलावाकाठी अर्धा तास चालू शकत होते, पण दिवसभर खुर्चीत बसणे मला जमले नसते. रुजू झाल्यावरही काही आठवडे व्हाउचरचे जड गठ्ठे आणि नाण्यांच्या पिशव्या मी उचलल्या नाहीत. आमच्या शाखेतील सहकाऱ्यांनी ते न सांगता आपल्याकडे घेतले, आणि दूध काढण्यासाठी दुपारी रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्या टेबलावर ठेवण्याची व्यवस्था शाखाप्रमुखांनी स्वतः केली.

दुसऱ्या वेळचे डिस्चार्ज कार्डही दाव्यासोबत मूळच द्यावे लागले. त्याच्या तीन प्रती काढल्या आहेत.