जन्मतःच सुजलेली पावले : मिलरॉय आजार

बाळाच्या दोन्ही पावलांवर जन्मापासूनच सूज असेल, ती दुखत नसेल आणि आईच्या किंवा वडिलांच्या पायांनाही लहानपणापासून सूज असेल, तर डॉक्टरांनी मिलरॉय आजाराचा विचार करायला हवा. अमेरिकेत ओमाहा येथील डॉ. विल्यम मिलरॉय यांनी 1892 मध्ये एकाच घराण्याच्या सहा पिढ्यांत आढळलेल्या या सुजेची नोंद केली. तिचे मूळ ‘एफएलटी4’ या जनुकात आहे, हे कळायला 2000 साल उजाडले. जनुकातील दोषामुळे पायांतील बारीक लसिकावाहिन्या नीट काम करत नाहीत. ऊतींमधले पाणी वाहून न जाता तिथेच साचते.

आई किंवा वडील, कुणा एकाकडून दोष आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. मात्र दोष असूनही काहींना सूज येतच नाही. कधी कधी गर्भाच्या पावलांवरची सूज सोनोग्राफीतही दिसते. स्वतः हा आजार असलेल्या गर्भवतीच्या पायांची सूज वाढू शकते, म्हणून तिने डॉक्टरांना आधीच सांगावे. गरोदरपणात ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, असे बोल तिला लावणे सरळ अन्याय आहे.

ही सूज म्हणजे हत्तीरोग नव्हे. तो डासांमुळे होतो आणि त्यातली सूज दिसायला बहुधा वर्षे लागतात. मिलरॉयवर समूळ उपचार नाही, पण दाब देणारे मोजे, व्यायाम आणि त्वचेची निगा यांनी सूज आटोक्यात राहते. पाय अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.