मज्जारज्जूतील पांढरे डाग

खुरपताना मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका उतरतो, पायांना मुंग्या येतात, कमरेला पट्टा आवळल्यासारखे वाटते, लघवी रोखवत नाही. काही आठवड्यांनी हे सारे ओसरते. घरचे म्हणतात, अशक्तपणा होता, गेला. वर्ष-सहा महिन्यांनी पुन्हा तेच! विशी ते चाळिशीच्या माणसाला, विशेषतः भगिनींना, असे होऊ लागले तर मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचीही शंका घ्यावी. आपल्याकडे तो विरळ आहे, म्हणूनच उशिरा ओळखला जातो.

मोटारीच्या वायरीचे रबर सोलले की काय होते हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. या आजारात मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खरवडते. पॅरिसचे डॉ. शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. पण जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतला असा व्रण डोळ्यांना दिसू लागला तो एमआरआय आल्यावर. क्ष-किरणात हाड दिसते, आतला रज्जू नाही.

हे यंत्र मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनचा वेध घेते. (जमिनीतला ओलावा मोजणारे न्यूट्रॉन यंत्रही हायड्रोजनच हुडकते, रीत मात्र निराळी.) व्रणाच्या जागी पाणी वाढते आणि चित्रात पांढरा डाग उमटतो. रज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, त्यात श्वासाने व नाडीच्या ठोक्याने हलणारा; म्हणून उभी व आडवी, दोन्ही चित्रे काढतात.

मेंदूतले पांढरे ठिपके वयाने, रक्तदाबानेही येतात; रज्जूत तसे सहसा होत नाही. म्हणून डॉक्टरांनी मानेचा व पाठीचा एमआरआय सांगितला तर तो अनाठायी खर्च समजू नये. या आजाराचा डाग बहुधा दोन मणक्यांपेक्षा आखूड, कडेला, आणि जास्त करून मानेत असतो. तीन किंवा अधिक मणके लांब डाग दिसला तर दुसऱ्याच आजाराचा संशय येतो आणि औषधेही बदलतात. बी-१२ ची उणीव, मणक्याचा क्षय हेही तपासावे लागते. नुसत्या फिल्मवरून निदान होत नाही.

यंत्रात क्ष-किरण नसतात. आवाज मात्र फार. पेसमेकर असल्यास, किंवा विळा-फाळ ग्राइंडरवर घासताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असल्यास, आधीच सांगावे. जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवावे. रंगद्रव्याचे इंजेक्शन देणार असतील तर मूत्रपिंडाचा विकार किंवा दिवस गेलेले असल्यास लपवू नये. जुन्या फिल्मा पिशवीत घालून न्याव्यात. नवा डाग कोणता, ते त्यांच्याशी ताडूनच कळते.